टाकीवरची बॅग : फुलेवाडी ते गगनबावडा, जून ते सप्टेंबर

२ जून

पाठीने शेवटी हात टेकले. वजनकाटे दुरुस्तीचा माझा धंदा. दूध संस्थांचे काटे, किराणा दुकानांचे, रेशनचे. सकाळी कोल्हापूरच्या फुलेवाडीतून निघायचं आणि बालिंगा, कळे, असळज करत कधी थेट गगनबावडा. एका अंगाला पन्नासएक किलोमीटर. सगळा संसार पाठीवरच्या सॅकमध्ये: मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, लोडसेलचे (काट्यातला वजन ओळखणारा भाग) सुटे भाग, चार्जर, पावतीपुस्तक, पाण्याची बाटली, डबा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "सॅक आजपासून बंद."

मागे कॅरिअरला बांधता येतं, नाही असं नाही. पण मागचं दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात कळ्याच्या पुढे एका काट्याचं डिस्प्ले कार्ड असंच कधी पडलं ते कळलंसुद्धा नाही. परत जाऊन सहा किलोमीटर रस्ता बघत आलो. ते सापडलं नाही, उसाच्या सरीत एक चप्पल सापडली.

म्हणून टाकीवर. ओळखीच्या एकाकडून वापरलेली मॅग्नेटवाली टँक बॅग अठराशे रुपयांना घेतली. खाली चार पंख आणि प्रत्येक पंखात चपटं मॅग्नेट. गाडी जुनी युनिकॉर्न, कार्बोरेटरची. टाकी लोखंडी पत्र्याची, १३ लिटरची, त्यामुळे मॅग्नेट धरतंय. प्लास्टिकचं आवरण किंवा ॲल्युमिनियमची टाकी असलेल्यांनी हा नाद करू नये, तिथे ही बॅग नुसती उशी.

काय होईल ते इथे लिहून ठेवणार. मापायची खोड आहेच, हातात हँगिंग काटाही आहे.

५ जून

भरलेली बॅग ४ किलो २०० ग्रॅम. टाकी धुऊन, पुसून, कोरडी केली. बॅगेच्या कडीत काट्याचा हूक अडकवला आणि हळूहळू मागे ओढलं. ५ किलो ३०० ला सरकली. पुढच्या दिशेने ५ किलो १००. आडवी ४ किलो.

मग सोळा किलोमीटर धुळीतून फिरून आलो आणि पुन्हा ओढलं. मागे २ किलो ९००!

पंख उचलून बघितले. मॅग्नेटच्या कडेला काळी बारीक वाळू केसांसारखी उभी राहिलेली. आपल्याकडच्या काळ्या दगडात लोखंडाचं खनिज असतं, तो झिजून झालेल्या वाळूतले काळे कण चुंबकाला लगेच चिकटतात. नदीच्या वाळूत मॅग्नेट फिरवून लहानपणी हाच खेळ खेळलोय. त्या वेळी मजा वाटायची. आता तेच कण मॅग्नेट आणि रंगाच्या मध्ये बसले की दोन गोष्टी होतात. मॅग्नेट पत्र्यापासून जरासं लांब जातं आणि लांब गेलं की त्याची पकड झपाट्याने उतरते. आणि बॅग थरथरली की तीच वाळू पॉलिश पेपरचं काम करते. उजव्या बाजूला रंगावर चंद्रकोरीएवढा पांढुरका डाग पडलाय. मॅग्नेट लावायच्या आधी दर वेळी टाकी आणि पंख दोन्ही पुसायचे, असं आता ठरवलं. किती दिवस जमेल कोण जाणे.

९ जून

दुसरी भानगड. अर्धा किलोचं लोखंडी वजन बॅगेच्या खालच्या कप्प्यात टाकलं होतं. काढायला गेलो तर कापडाला आतून चिकटून बसलेलं. माझ्या धंद्यात हे चालत नाही. काटा तपासायच्या वजनांना चुंबकत्व लागू नये याला आंतरराष्ट्रीय मानकांतसुद्धा मर्यादा घालून दिलेल्या आहेत; चुंबकत्व आलेलं वजन आसपासच्या लोखंडाशी ओढाताण करतं आणि काटा खरं बोलत नाही. दूध संस्थेत पन्नास ग्रॅमवरून भांडणं होतात. वजनं बॅगेतून बाहेर. एटीएम कार्डही बाहेर, त्याच्या काळ्या पट्टीला मॅग्नेट चालत नाही.

फायदा एकच. स्क्रूड्रायव्हरचं टोक आपोआप चुंबक झालंय, लहान स्क्रू उचलायला बरं पडतं.

१६ जून

आज पडलो. फार नाही, गुडघा सोलला.

कळ्याच्या अलीकडे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. ताशी चाळीसच्या आसपास असेन, ब्रेक दाबला. दाबल्यादाबल्या रस्त्यावरचा खड्डा. पुढचं चाक खाली गेलं, बॅग उचलली गेली, पुढे सरकली आणि डाव्या अंगाला कलंडून हँडल आणि टाकीच्या फटीत जाऊन बसली. हॉर्नचं बटण दाबलं गेलं ते दाबूनच राहिलं. हँडल डावीकडे वळेना. कोकलणारा हॉर्न घेऊन मी साइडपट्टीवरून हळूच चरीत. म्हशी थांबून बघत होत्या. एक गुराखी आला, त्याने पहिल्यांदा बॅग ओढून काढली, हॉर्न बंद झाला, मग मला उठवलं. क्रम बरोबर होता.

घरी येऊन हिशेब मांडला. करकचून ब्रेक दाबला की गाडीचा वेग गुरुत्वाच्या निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त दराने उतरतो. म्हणजे चार किलोची बॅग दोन-अडीच किलोच्या जोराने पुढे जाऊ बघते. धुळीच्या टाकीवर माझी पकड तीन किलोच्या आत. ही झाली सपाट रस्त्यावरची गोष्ट. खड्ड्यात टाकी खाली जाते तेव्हा बॅग क्षणभर हलकी होते, मॅग्नेट एका कडेने सुटतं, आणि एकदा कड सुटली की बाकीचं सोलल्यासारखं निघून येतं. मी काटा सरळ रेषेत ओढत होतो. बॅग सरळ रेषेत पडत नाही.

बायकोने गुडघ्याला हळद लावली आणि विचारलं, "अहो, त्या बॅगेला बांधून ठेवत का नाही?" हे मला चौदा दिवसांत सुचलं नव्हतं.

२१ जून

उद्यमनगरात सीटवाल्या मामांकडे गेलो. पस्तीस वर्षं सीट शिवतायत. त्यांच्या एका मशीनवर रेक्झिनच्या चार घड्या लोण्यासारख्या शिवल्या जातात. बॅग उलटीपालटी केली, मॅग्नेट नखाने वाजवलं.

"मालक, टाकीला बांधायचा इचार सोडा."

"मग कशाला बांधायचं?"

"टाकी गुळगुळीत, वरनं गोल. गुळाच्या ढेपंवर मांजर बसवल्यागत हुतंय ते. बांधायचं ते चॅसीला. टाकीनं नुसती बसायला जागा द्यायची."

एवढ्यावर सगळं आलं. तिथेच गाडी स्टँडला लावून आम्ही दीड तास चॅसी शोधत बसलो, कारण टाकीच्या भोवती चॅसी दिसतच नाही. पुढे एकच जागा: कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) मागे, टाकीच्या नाकाखाली चॅसीची जाड नळी. मागे सीट काढल्यावर टाकी जिथे बोल्टने बसवलीय त्याच्या दोन्ही अंगांना. पुढे एक फेरा, मागे दोन टोकं. तीन जागी धरलं की बॅगेला जायला वाट उरत नाही.

इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात उलटी होती. मला वाटायचं, पुढचा पट्टा महत्त्वाचा. पण पुढच्या पट्ट्याने बॅग पुढे जायची थांबत नाही, दोरीने कुणाला ढकलता येत नाही. पुढचा पट्टा चढावर आणि गाडी जोरात उचलताना कामाचा. ब्रेकला आणि घाटाच्या उतारावर बॅग धरतात ते मागचे दोन पट्टे. बाजारातल्या स्वस्त बॅगांना पुढे झकास बक्कल आणि मागे शोभेची इलास्टिक दोरी असते. इलास्टिक ताणतं, म्हणजे ते बॅगेला थांबवत नाही, पुढे सोडून परत बोलावतं. तोवर हँडल अडलेलं असतं.

पट्टा कुठला यावरही वाद झाला. मामांनी नायलॉनचा मऊ पट्टा काढला. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. सकाळी घट्ट बांधलेलं बालिंग्याच्या पुलापर्यंत सैल. मला पॉलिस्टर हवा होता. मामा म्हणाले, "मग ट्रकला माल आवळायचा पट्टा घ्या की." त्यांच्याकडे एका ट्रकवाल्याचा उरलेला तुकडा होता, तो उभा कापून इंचाचा केला, कापलेल्या कडेला घडी घालून टीप मारली. टोकं मेणबत्तीवर जाळून घेतली. जिथे पट्टा बॅगेच्या बैठकीला, म्हणजे टाकीवर टेकणाऱ्या भागाला, जोडला तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई, दोनदा. सरळ एकेरी टीप एका टोकाने उसवायला लागली की दोऱ्याच्या रिळासारखी सुटत जाते, चौकोन-फुलीत ओढ वाटली जाते.

बांधून झाल्यावर तपासणी, हीही मामांचीच: गाडी चालू करून हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. पहिल्याच फेऱ्यात उजवीकडे वळवलं आणि इंजिन आपोआप गुरगुरलं. पट्टा एक्सलेटर केबलवरून गेला होता, वळवताना केबल ओढली जात होती. वळणावर गाडी आपल्या मनाने पळाली असती. पट्टा केबल आणि वायरिंगच्या आतून, फक्त नळीला लागून घेतला. मग दोन्हीकडे आवाज एकसारखा.

खाली लवचिक पण पाणी न पिणारं काहीतरी हवं, म्हणून मामांनी बैठकीला तळाला फ्लेक्सचा तुकडा लावला. कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. शुभेच्छा आतल्या बाजूला.

मॅग्नेट चारही काढली. दोन पोराने फ्रिजला लावली, दोन दुकानात खाली पडलेले स्क्रू शोधायला.

काटा लावला. मागे ओढताना २० किलोपर्यंत गेलो, बोटभर हलली. त्यापुढे गाडीच स्टँडवरून हलायला लागली, थांबलो.

२८ जून

फ्लेक्स रंगावर घासतो. सुभाषनगरात चप्पल करणारा एक जुना गिऱ्हाईक आहे, त्याचा चामडं मोजायचा काटा मीच बघतो. त्याने पातळ चामड्याचा तुकडा दिला, बैठकीच्या कडेला लावायला. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचंच. हाताला काय सुंदर लागतं!

एका पावसात निकाल लागला. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड, मध्ये पाणी. काळी शाई तयार. जिथे लोखंडी कडी चामड्याला टेकली होती तिथून काळा ओघळ टाकीवर. चामडं उलट लांबलं ते वेगळं. कोल्हापुरी चपला पावसात घालू नयेत हे आम्हाला आजीने सांगितलं होतं, टाकीला कुणी सांगितलं नव्हतं.

सायकलची ट्यूबही लावून बघू नका. फिक्या रंगावर रबराचा तपकिरी डाग उमटतो, तो पुसून जात नाही. शेवटी टाकीला पारदर्शक फिल्म चिकटवून घेतली आणि बैठकीच्या कडेला मऊ कापडाची गोट. कापड धुता येतं. वाळू बसते ती कापडात बसते.

७ जुलै

हा दिवस जरा सविस्तर लिहितो.

असळजच्या पुढे चढ लागला, रिमझिम चालू. गाडी दोनदा खोकली आणि बंद. किक मारल्या, नाही. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला घेतला, नाही. टाकीत आदल्या दिवशी पाचशेचं टाकलेलं, पेट्रोल संपायचा प्रश्न नाही. प्लग काढला, ठिणगी निळी. पाच-सात मिनिटं एका शेडखाली उभा राहिलो, परत किक मारली तर एका दमात चालू. म्हटलं, पाणी शिरलं असेल. तीन किलोमीटर गेलो, परत बंद. परत थांबलो, परत चालू. असं चार वेळा. पाचव्यांदा कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आतली पेट्रोलची वाटी कोरडी! कॉक उघडा, टाकी अर्धी भरलेली, आणि खाली पेट्रोल येत नाही.

नळी तुंबली असेल म्हणून काढायची तर आधी बॅग सोडायला हवी. मागची बक्कलं सोडली, बैठक उचलली, किती पेट्रोल आहे ते तरी बघू म्हणून झाकणाला किल्ली लावली.

सुस्सऽऽ.

टाकीने वारा आत ओढून घेतला. आवाज संपला आणि खाली सैल ठेवलेल्या स्क्रूमधून पेट्रोल वाहायला लागलं.

गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना एकच भोक पाडलं तर तेल गुटगुट करत अडतं, म्हणून समोरच्या कोपऱ्याला वाऱ्याचं भोक पाडतात. टाकीच्या झाकणातही तसंच बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा तिथून आत यायला हवी. मी काय केलं होतं? त्या भोकावर फ्लेक्स घालून, ट्रकच्या पट्ट्याने वीस किलोपर्यंत आवळून, वरून पावसाचं पाणी सोडून ते हवाबंद केलं होतं. मॅग्नेटवाली बॅग सैल होती म्हणून ती गाडी बंद पाडत नव्हती. बांधणी सुधारली आणि गाडी बंद पडली. थांबल्यावर कुठूनतरी थोडी हवा झिरपायची, वाटी भरायची, तेवढ्यावर तीन किलोमीटर.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नुसतं वजनाने खाली उतरतं, त्यामुळे ती लगेच रुसते. इंजेक्शनच्या गाडीत पंप ओढून घेतो म्हणून ती जास्त वेळ दम धरेल, पण भोक बुजवायचं तिथेही नाही.

येताना बैठक सोडून, गुंडाळून मागे कॅरिअरला. गाडी घरापर्यंत एकदाही खोकली नाही.

१० जुलै

मामांना सांगितलं. हसले नाहीत. "माझीच चूक, मला ठाव पाहिजे हुतं," म्हणाले आणि कात्री घेतली. बैठक आता घोड्याच्या नालासारखी: मध्ये झाकणाएवढी मोकळी, त्याच्या भोवती अर्ध्या इंचाच्या फोमची कड, म्हणजे वर बॅग बसली तरी झाकण आणि बॅगेच्या मध्ये हवा खेळते. नालाचं तोंड मागे, उतारावर, आत आलेलं पाणी वाहून जायला. झाकणाभोवती पाणी साठून राहिलं तर ते टाकीत उतरतं, हे पावसाळ्यात पेट्रोल बदलून घेतलेल्या कुणालाही विचारा.

शिवाय दुसरा तिढा सुटला. पंपावर पोरगा नोझल घेऊन उभा, मागे दहा गाड्या, आणि मी पट्टे सोडतोय, हे दोन वेळा झालं होतं. आता बैठक गाडीला कायम बांधलेली, बॅग बैठकीला चार क्लिपने. मागच्या दोन सोडल्या की बॅग हँडलकडे उलटते आणि झाकण मोकळं. गाडीवरून उतरायचं, बॅग उलटायची, पेट्रोल घ्यायचं. क्लिप प्लास्टिकच्या, जाड, पाठीवरच्या सॅकच्या कमरपट्ट्याला असतात तशा. पातळ क्लिप उन्हात वर्षभरात ठिसूळ होते, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

काटा: पुढे १८ किलोला बोटभर. आडवी ११ ला. आडव्याला आणखी काही करता येईल का बघू. झालं नाही तरी चालेल, वळणावर गाडीच कलते, बॅग फारशी बाजूला ओढली जात नाही.

१४ जुलै

तक्रार घरून. "भाकरीला पेट्रोलचा वास येतोय."

खरं आहे, मलाही गेले महिनाभर येत होता, मी बोललो नव्हतो. डबा मागे कॅरिअरला गेला. दूध संस्थेतल्या पोरांनी आधीच नाव ठेवलं होतं म्हणे, "काटेवाल्यांची सुपर भाकरी".

२६ जुलै

चार दिवस घरी. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. सकाळी उठून आधी तो आकडा बघायचा आणि मग चहा. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ कुंभीच्या पाण्याखाली. काम नाही, म्हणून पावसाचं आवरण.

बॅगेबरोबर आलेलं रेनकव्हर वाऱ्याने फुग्यासारखं फुगतं. एकदा उडून स्पीडोमीटरवर बसलं. आणि कुठलंही शिवलेलं कापड सुईच्या भोकातून गळतंच. शेतातली माणसं खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ करतात, डोक्यावरून पाठीपर्यंत. तीच उलटी केली: खताच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन घेतली आणि बॅगेच्या आत घातली. सामान त्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून रबर. बाहेरची बॅग भिजू दे की. बादलीभर पाणी ओतून अर्धा तास ठेवलं, पावतीपुस्तक कोरडं. खर्च शून्य. वरचं रेनकव्हर फेकलं नाही, सीटवर घालायला कामाला येतं.

४ ऑगस्ट

लक्ष्मीपुरीत एका दुकानात पाच मिनिटांसाठी गेलो, बॅग गाडीवर. परत आलो तर पुढच्या कप्प्याची चेन उघडी आणि चार्जर गेलेला. चांगलं झालं, चार्जरच होता.

चेनला छोटं कुलूप लावायचा विचार आला आणि गेला. कापडाच्या बॅगेला कुलूप म्हणजे चोराला आत काहीतरी आहे हे सांगणं. त्यापेक्षा चार क्लिप, आठ सेकंद, बॅग खांद्याला. मामांनी त्यासाठी एक पट्टा लावून दिला, गाडी चालवताना तो आत कोंबायचा. लोंबत ठेवला तर हँडलमध्ये जायला त्याला वेळ लागत नाही. गाडीवर उरते ती नुसती बैठक, आणि पुढाऱ्याच्या शुभेच्छा चोरायला कोण येतंय.

११ ऑगस्ट

सवय लागली की माणूस भरत जातो. आज सहज वजन केलं तर ६ किलो ७००! जूनमध्ये ४ किलो २०० होती. सगळं काढून जमिनीवर मांडलं.

दोन किलोचं पितळी वजन. मॅग्नेट गेली म्हणून ते परत आत आलं होतं. पाना-पक्कडचा संच. सोल्डरिंग गनचा लोखंडी स्टँड. हे सगळं माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर. समोरून धडकलं तर माणूस टाकीवरून पुढे जातो, आणि मध्ये काय असतं ते बॅगेत भरलेलं. कापडाच्या पिशवीवर आदळणं वेगळं आणि पितळेच्या ठोकळ्यावर वेगळं. जूनमध्ये चरीत गेलो तेव्हा वेग नव्हता म्हणून हा विचार डोक्यात आला नाही.

जड आणि टोकदार ते सगळं मागे, कॅरिअरवर लोखंडी पेटी बसवून. टाकीवर फक्त मल्टिमीटर, कार्डं बबल प्लास्टिकमध्ये, पावतीपुस्तक, बाटली, रेनकोट. रेनकोट सगळ्यात वर, म्हणजे आदळलोच तर आधी तो. वजन ३ किलो १००. बॅग बसकी झाली, मीटर आणि किल्ली पूर्ण दिसते. आधी स्पीडोमीटर बघायला मान उंच करावी लागत होती हे आज कळलं.

फोनही बॅगेतच, फोमच्या कप्प्यात. हँडलच्या होल्डरवर लावत नाही. इंजिनाची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते हे ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. माझा फोन ॲपलचा नाही, पण कॅमेऱ्यानेच काट्यांचे फोटो काढतो.

१ सप्टेंबर

भुईबावडा घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला एक काम होतं. एरवी तिकडे जात नाही, मुद्दाम घेतलं.

निघताना टाकीच्या फिल्मवर बैठकीच्या कडेने खडूची रेघ मारली. उतारावर धुकं, शेवाळलेले कठडे, समोरून येणारा ट्रक मध्येच दिसायचा. चार-पाच वेळा खरा ब्रेक मारावा लागला, एकदा पुढचा चांगलाच. मागचे पट्टे मांडीला ताठ लागत होते, तेवढं जाणवतं. खाली आल्यावर बघितलं: रेघेपासून बैठक पुढे करंगळीच्या निम्मी, उजवीकडे जराशी. मागचं उजवं बक्कल अर्धा इंच सरकलंय. पट्टा नवा असताना कडक होता, आता मऊ झालाय, त्यामुळे बक्कलातून निसटतो. उरलेल्या टोकाला एक गाठ मारून ठेवली. ही तात्पुरती. मामांकडून दोन दातांचं बक्कल लावून घ्यायचं.

आणखी राहिलेलं: डाव्या अंगाची गोट झिजलीय. आणि फोटो काढताना लक्षात आलं, जूनमधल्या वाळूचा तो चंद्रकोरीचा डाग फिल्मखालून दिसतोच. राहू दे.

८ सप्टेंबर

असळजच्या दूध संस्थेतल्या सचिवांना बैठक आवडलीय. त्यांच्या पल्सरला अशीच हवी. "तुमच्या मामांना सांगा की करायला." पल्सरची टाकी रुंद, वरचा आकारही वेगळा, माझं माप चालणार नाही. मंगळवारी त्यांची गाडी उद्यमनगरात नेतोय. मामांनी फोनवर सांगितलंय, कागद आणि कात्री आणू नका, ते हाय. झाकणावरचं भोक कुठं हाय तेवढं बघून या.